चिकमंगळूरचा बेत: आधी महिना, मग मुक्काम

कॉफीच्या मळ्यात चार-पाच दिवस जाऊन राहायचं, एवढं एकच आमच्या घरात एकमताने ठरलं. बाकी सगळ्यावर मतभेद होते. नवऱ्याला स्वतःची गाडी घेऊन जायचं होतं, लेकीला धुकं हवं होतं, सासऱ्यांना (त्यांना आम्ही अप्पा म्हणतो) वाटेत एखादं देवस्थान हवं होतं. जतची माझी आत्या म्हणाली, "मला कुठंबी न्या, पण रोज उठून बोचकं बांधाय लावू नका." शाळेचं वेळापत्रक मीच करते, त्यामुळे हे कामही आपसूक माझ्याकडे आलं.

सुरुवातीला एका प्रवासी कंपनीचं पत्रक घरी आणलं. एका आठवड्याच्या आत म्हैसूर, कूर्ग, वायनाड, उटी आणि 'वेळ मिळाल्यास चिकमंगळूर'. मी नकाशा उघडून बसले आणि दोन गावांमधल्या अंतरापुढे तास लिहीत गेले. चिकमंगळूर ते मडिकेरी दीडशे किलोमीटरच्या वर आहे. आपल्याकडे महामार्गाच्या सवयीने तेवढ्याला अडीच तास धरतात. तिथे घाट, वळणं आणि लाकडाचे ट्रक मिळून चार तास सहज जातात. सगळी बेरीज केली तेव्हा त्या सहलीत माणूस मळ्यापेक्षा गाडीतच जास्त बसणार, हे उघड झालं. आत्याची बोचक्याची अट त्यात पहिल्याच दिवशी मोडत होती. पत्रक रद्दीत गेलं आणि नियम ठरला: मुक्काम एकच, आणि दिवसाकाठी फार तर एक ठिकाण.

मग प्रदेश कुठला? कर्नाटकात देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी पिकते, आणि त्यातही सगळ्यात जास्त कोडगू जिल्ह्यात, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या कूर्गमध्ये. बहुतेकांची धाव तिकडेच असते. पण कोडगू जिल्ह्यात रेल्वेच नाही. म्हैसूर, मंगळूर किंवा कण्णूरला उतरायचं आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर डोंगर चढायचा. वायनाडातही रेल्वे नाही. आंध्रातल्या अराकूला आहे, पण ती विशाखापट्टणमहून. सांगलीकराला ती जगाच्या दुसऱ्या टोकाला. कर्नाटकातल्याच चिकमंगळूरचं तसं नाही. मिरजेहून बेळगाव, हुबळी, दावणगिरी करत बंगळूरला जाणारी जी आमची रोजची वाट, तिच्यावरच बिरूर आणि कडूर ही स्टेशनं आहेत, आणि कडूरहून चिकमंगळूर चाळीस किलोमीटर. अप्पांना तर ते नाव आधीपासून पाठ होतं. "१९७८ ची पोटनिवडणूक! इंदिराबाई तिथूनच निवडून आल्या." त्यानंतर अर्धा तास आणीबाणीवर बोलणं झालं आणि चिकमंगळूर न सांगताच पक्कं झालं.

आता महिना. माझ्या मते कॉफीच्या प्रदेशाचा बेत आखताना सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं, आणि लोक नेमकं इथेच लावत नाहीत. सुट्टी कधी आहे ते बघतात, तिकिटं काढतात आणि तिथे पोचल्यावर 'कॉफी कुठाय?' म्हणून विचारतात. मळा ही शेती आहे. तिला हंगाम असतो. मी तीन-चार मळेवाल्यांना फोन करून फक्त एवढंच विचारलं की तुमच्याकडे कुठल्या महिन्यात काय चाललेलं असतं. त्यातून जे कळलं ते असं.

जून ते सप्टेंबर पाऊस, आणि मलनाडचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ पट्ट्याचा, पाऊस म्हणजे आपल्या आंबोलीच्या पावसाचा भाऊ. डोंगर हिरवेगार, धबधबे भरलेले, लेकीला हवं ते धुकं हवं तेवढं. पण झाडावर हिरवी, कच्ची फळं. मळ्यात चालायला गेलं की पायाला जळवा. झाडं पडून वीज जाते, घाट बंद होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये चिकमंगळूरकडून मंगळूरकडे उतरणाऱ्या चारमाडी घाटात दरडी कोसळून तो रस्ता बंद पडला होता. अप्पांचं वय बघता पावसाळ्यावर मी फुली मारली. लेक दोन दिवस बोलली नाही.

मार्च-एप्रिल फुलांचा. वळवाची चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकाच वेळी पांढरा होतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो आणि तीन-चार दिवसांत फुलं सुकून जातात. मळेवाले त्या सरीला 'ब्लॉसम शॉवर' म्हणतात आणि तिची वाट आपल्याकडे मृगाची बघतात तशी बघतात, कारण ती चुकली तर पुढच्या वर्षीचं पीकच गेलं. ज्यांच्याकडे पाणी आहे ते रोबस्टाला (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक; दुसरी अरेबिका) फवाऱ्याने पाणी देऊन फुलं आणतात. बघायला हा काळ सगळ्यात देखणा असणार, पण पाऊस कधी पडेल ते आधी कोण सांगणार? शिवाय मार्चमध्ये आमच्या घरात दोन परीक्षा: लेकीची, आणि मी तपासायच्या पेपरांची.

राहिला तोडणीचा काळ. अरेबिकाची फळं नोव्हेंबरपासून लाल होऊ लागतात आणि जानेवारीपर्यंत तोडणी चालते. रोबस्टा त्यामागून, साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे जानेवारीच्या मध्यावर गेलं तर अरेबिकाची शेवटची फेरी, रोबस्टाची सुरुवात, खळ्यावर वाळत घातलेला माल आणि वर चढवलेल्या वेलांवर मिरीचे घड, हे सगळं एकदम बघायला मिळतं. रस्ते कोरडे, रात्री गारवा. शिवाय तासगावला दिराची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत माल सुरू झाला की नवऱ्याला घरातून हलता येत नाही. जानेवारी सगळ्याच बाजूंनी बसत होता. नाताळ ते नवं वर्ष टाळायचं, संक्रांतीला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळायचा, सव्वीस जानेवारीचा तर नक्कीच टाळायचा. मधले जे कामाचे दिवस उरले ते आम्ही घेतले. चिकमंगळूर बंगळूरपासून अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. शुक्रवारी रात्री तिकडून गाड्यांची जी रांग लागते ती रविवारी संध्याकाळी परत फिरते. सोमवार ते शुक्रवार गेलात तर तोच डोंगर निम्म्या गर्दीत आणि खोली कमी भाड्यात.

अप्पांचं मत मात्र डिसेंबरला होतं, आणि त्याला कारण होतं. दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारा माणूस. चिकमंगळूरजवळच्या बाबाबुडनगिरीवर दत्तपीठ आहे हे कळल्यावर त्यांनी थेट पंचांग काढलं: "मग दत्तजयंतीलाच जाऊ की!" मला आधी तेच बरं वाटलं. पण चौकशी करताना कळलं की दत्तजयंतीच्या आसपास तिथे दत्तमाळ घातलेले हजारो भाविक येतात, मोठा पोलीस बंदोबस्त असतो आणि त्या दिवसांत डोंगरावर इतर पर्यटकांना बंदी घालतात. हे स्थान दत्तात्रेयाचं पीठ म्हणून हिंदूंचं आणि बाबाबुडन यांचा दर्गा म्हणून मुसलमानांचं. त्यावरून कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले आहेत. अप्पांना हे सगळं नीट सांगितलं. ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "गर्दीत पादुका धड दिसतबी नाहीत. जानेवारीत जाऊ." कॉफीची भारतातली कथाही याच डोंगरावर सुरू होते. सतराव्या शतकात हजहून परतताना बाबाबुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि इथे लावल्या, असं सांगतात. एकाच डोंगरावर अप्पांचे दत्तमहाराज आणि आमची कॉफी, म्हणजे माझं काम सोपं झालं.

तिकिटांना वेळ लावू नये. पूर्वी एकशेवीस दिवस आधी आरक्षण मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलंय. म्हणजे फार आधी बेत करून उपयोग नाही आणि साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता गाफील राहूनही चालत नाही. आम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेस घेतली. दुपारी मिरजेत बसायचं, घरचे धपाटे आणि दही खायचं, बेळगावला अंधार पडतो. नवऱ्याचा गाडीचा हट्ट याच टप्प्यावर सुटला. पाचशे किलोमीटरच्या आसपास एकट्याने गाडी चालवायची, पोचल्यावर घाटात परत तेच, आणि मागे बसून आत्या सगळ्या वाटेने सूचना देणार.

या गाडीची एकच अडचण: ती कडूरला अपरात्री पोचते. त्या वेळी टॅक्सी करून थेट मळ्यावर जाता येतं, पण मळ्याच्या मालकीणबाईंनीच फोनवर सांगितलं होतं की शेवटच्या कच्च्या रस्त्याला अंधारात येऊ नका, कधीकधी हत्ती असतात. म्हणून कडूरलाच स्टेशनजवळ साध्या लॉजमध्ये दोन खोल्या आधी सांगून ठेवल्या, सकाळपर्यंत झोपलो आणि इडली खाऊन निघालो. दिवसा कडूर-चिकमंगळूर बस सारख्या असतात. आत्याला वाटलं होतं की कर्नाटकात बायकांना एसटी फुकट आहे. आहे, पण ती कर्नाटकातल्या बायकांना. जतचं आधार कार्ड तिथे चालत नाही. "बोलणं आमचं कन्नड, नि तिकीट मराठी," म्हणून ती कंडक्टरला ऐकवून मोकळी झाली. तोही हसला, तिकीट मात्र पूर्ण फाडलं.

राहण्याची जागा शोधणं हा या सगळ्यातला सर्वांत किचकट भाग. संगणकावर 'चिकमंगळूर होमस्टे' टाकलं की शेकड्याने नावं येतात आणि निम्म्यांच्या नावात 'एस्टेट' असतं. त्यातली बरीचशी शहराच्या कडेला बांधलेली लॉजं आहेत. फोटोत दिसणारी झुडपं अंगणातल्या कुंडीतली असू शकतात. एका ठिकाणी आमचा ऍडव्हान्स जवळजवळ गेलाच होता. फोटो सुरेख, भाव बरा. पण रिव्ह्यू वाचताना एकाने 'डीजे मस्त होता' असं कौतुकाने लिहिलेलं सापडलं. कौतुकाचे रिव्ह्यू हे असे उलटे वाचायला शिकावं.

शेवटी मी प्रश्नांची एक यादी केली आणि फोनवर प्रत्येकाला तेच विचारलं. घर मळ्याच्या आत आहे की बाहेर? मळा तुमचाच आहे का, तोडणी सध्या चालू आहे का, आणि फिरवायला स्वतः येणार की माणूस देणार? पक्क्या रस्त्यापासून किती आत, आणि तिथे साधी गाडी जाते की जीप लागते? त्या जीपचे पैसे वेगळे का? (बहुतेकदा वेगळे असतात आणि आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.) मोबाइलला रेंज आहे का आणि कुठल्या कंपनीची? वीज गेली तर गरम पाणी कसं मिळतं? सत्तरीच्या माणसाला खोलीपर्यंत किती पायऱ्या? जेवण भाड्यात धरलंय का? पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हेही विचारलं. जे या प्रश्नांना वैतागले ते आपोआप गळले. भाव साधारण माणशी दिवसाला २,००० ते ३,००० रुपये, तिन्ही वेळचं खाणं धरून, असे ऐकू येत होते. त्याहून बरेच महागही आहेत, पण त्यात मुख्यतः तरणतलावाचे पैसे असतात.

आम्ही निवडलेल्या घराच्या मालकीणबाईंना हिंदी जेमतेम, इंग्रजी बरं. मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले आणि फोन आत्याकडे दिला. जत म्हणजे सीमेवरचा तालुका, तिथे बाजारात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात. आत्याने तिच्या विजापुरी ढंगाच्या कन्नडात 'अक्का' म्हणून जी सुरुवात केली ती अर्ध्या तासाने थांबली. पलीकडून मधूनमधून खळखळून हसण्याचा आवाज. मलनाडच्या बाईला उत्तरेकडची ती बोली भारी गमतीची वाटत होती. फोन ठेवल्यावर आत्याने अहवाल दिला. खालची खोली अप्पांसाठी राखली आहे, पाणी बंबाचं आहे, मांसाहार नको असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचंय आणि गुडघे त्यांचेही दुखतात. शिल्लक प्रश्न एकही नव्हता. कन्नड येणारं कोणी घरात असेल तर फोन त्यांच्याच हातात द्यावा. भाड्यात फरक पडो न पडो, वागण्यात पडतो.

डोंगरावर जायचं तर आणखी एक गोष्ट आधी करावी लागते. मुळ्ळयनगिरी शिखर आणि बाबाबुडनगिरीकडे जाणाऱ्या गाड्यांची संख्या जिल्हा प्रशासनाने बांधून दिली आहे; सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या आणि त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी. रस्ता इतका अरुंद आहे की हे आधीच व्हायला हवं होतं असं वर गेल्यावर वाटतं. आमच्या टॅक्सीवाल्याने गाडीचा नंबर देऊन सकाळची पाळी नोंदवली. शनिवार-रविवारी ती लवकर भरते म्हणे, आम्हाला आदल्या दिवशी मिळाली.

माकडतापाचं नवऱ्याने काढलं. आपल्याकडे दोडामार्गात तो येऊन गेलाय, म्हणून नाव ऐकून होतो. मूळ तो शेजारच्या शिमोगा जिल्ह्यातला, गोचिडीतून पसरणारा, आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे असाच असतो. मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी त्यांच्या भागात सध्या नसल्याचं सांगितलं, पण पायात लांब पँट-मोजे, जंगलात पालापाचोळ्यावर बसायचं नाही आणि परत आल्यावर कपडे झटकून आंघोळ, हे पाळायला लावलं. तेवढंच पाळलं.

अप्पांना शृंगेरीच्या मठातही जायचं होतं, तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं. मळ्यापासून जाऊन-येऊन पाच तास, म्हणजे एका ठिकाणाचा अख्खा दिवस. मग बेलूर-हळेबीडची देवळं तरी सोडा किंवा मळा तरी. अप्पांनी शृंगेरी सोडली, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. १७९१ साली टिपूवरच्या मोहिमेत मराठी फौजेतल्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला होता, आणि त्या मोहिमेवर होते आमच्या तासगावच्या गणपतीचं देऊळ बांधणारे परशुरामभाऊ पटवर्धन. "आपल्या गावाच्या वतीनं क्षमा मागायची राहिलीया," अप्पा म्हणाले. राहिलीया खरी.

प्रत्यक्ष मळ्यावर बेतातला सगळ्यात मोकळा सोडलेला दिवस सगळ्यात चांगला गेला. सकाळी तोडणीवाल्यांबरोबर निघालो. अरेबिकाची झाडं छातीएवढी, वरून खुडून बुटकी ठेवलेली. रोबस्टा अंगाने मोठी. फक्त लाल फळं तोडायची, हिरवी ठेवायची, काही दिवसांनी परत यायचं. लेकीने अर्ध्या तासात ओंजळभर तोडली आणि पाठ धरली; शेजारच्या बाईची पिशवी तोवर निम्मी भरली होती. फळ चोखून बघितलं तर गर गोडसर, बुळबुळीत, आत दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या. कॉफीचा वास त्याला अजिबात येत नाही. तो भट्टीत येतो.

नवऱ्याला मळ्यात काय रस असेल असं मला वाटत होतं, पण द्राक्षबागेत वाढलेला माणूस सावली बघूनच अडखळला. द्राक्षाला ऊन हवं. इथे डोक्यावर सिल्व्हर ओक, पांगारा, फणस, उंबर यांचं छप्पर. सावली कशाला, म्हणून त्याने मालकांना विचारलं. एक तर अरेबिकाला फार ऊन सोसत नाही, आणि दुसरं म्हणजे खोडाला लागणारा पांढरा किडा उघड्या, उन्हातल्या झाडांवर जास्त येतो. तो आत शिरला की झाड उपटून जाळायचं, दुसरा उपाय नाही. म्हणून दर वर्षी पावसाआधी किती फांद्या उतरवायच्या, किती ठेवायच्या याचा हिशेब. सिल्व्हर ओकच्या खोडावर मिरी चढवलेली, म्हणजे त्याच जमिनीत दुसरं पीक. वाणांची नावं द्राक्षांसारखीच, काही नावाची, काही नंबराची: 'चंद्रगिरी', 'सिलेक्शन ७९५'. दोन्ही याच जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातली; ते केंद्र १९२५ पासून आहे. तांबेऱ्यावर बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना, हे ऐकल्यावर तर नवऱ्याला घरीच आल्यासारखं झालं. तिथून पुढे तो आणि मालक, मजुरीचे दर, मजूर मिळत नाहीत, बाजारभाव. आम्ही खळ्याकडे निघून आलो.

खळ्यावर दोन ढीग दोन तऱ्हांचे. एकीकडे साल काढून, धुऊन वाळत घातलेली फिकट पिवळी बी, तिला ते 'पार्चमेंट' म्हणतात. दुसरीकडे फळं तशीच्या तशी वाळवून काळी पडलेली, ती 'चेरी'. दोन-तीन बायका दाताळ्याने तासातासाला माल वरखाली करत होत्या. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळा गोळा करून झाकायचा. अप्पा तिथे खुर्ची टाकून दुपारभर बसले. त्यांना यातलं सगळं कळत होतं, कारण हळद वाळवताना त्यांनी आयुष्य घालवलंय.

दत्तपीठावर गुहेत पादुका आहेत. सकाळची पाळी असल्याने रांग अशी नव्हतीच. अप्पांना हवं तेवढा वेळ मिळाला. मुळ्ळयनगिरी १,९३० मीटर, कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास तीनशे मीटरने वर. गाडी बरीच वरपर्यंत जाते आणि शेवटी पायऱ्या. अप्पा आणि आत्या खालीच थांबले, भाजलेलं कणीस खात. लेकीला धुकं मिळालं, जानेवारीतसुद्धा, आठ वाजेपर्यंत. बेलूर आणि हळेबीड परतीच्या दिवशी केलं. १११७ सालचं बेलूरचं चेन्नकेशव मंदिर आणि तिथून सोळा किलोमीटरवर हळेबीड; २०२३ मध्ये दोन्ही जागतिक वारसा यादीत गेली आहेत. त्यांच्याबद्दल लिहिणारे माझ्याहून जाणते पुष्कळ आहेत. वाटाड्या करा, एवढंच सांगते. एकट्याने बघितलं तर हत्तींच्या रांगा मोजून माणूस बाहेर येतो.

जेवणाची काळजी मी उगाच केली होती. अक्की रोट्टी म्हणजे तांदळाची भाकरी, कडुबू, नीर डोसा, आणि लहान अख्ख्या कैऱ्यांचं मिडी लोणचं, जे आत्याने प्रत्येक जेवणाला मागून घेतलं. कॉफी मात्र दिवसाला दोनदाच. मळेवाल्यांच्या घरी ती कमीच पितात, हे मला फार मजेचं वाटलं.

पूड विकत घ्यायची तर मळ्यावरून किंवा चिकमंगळूरच्या भाजून-दळून देणाऱ्या दुकानातून घ्यावी आणि 'चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती?' हे आधी विचारावं. काही न सांगता मागितली तर चिकोरी घातलेली मिळण्याचीच शक्यता जास्त. फिल्टरसाठी दळून हवी की तशीच बी हवी तेही सांगावं लागतं. जपून वापरायची असेल तर बी आणा. पुडीचा वास महिनाभरात उडून जातो.

आत्याने जाताना पिशवीत सांगलीची हळद नेली होती. मालकीणबाईंनी ती नखावर घासून, वास घेऊन पारखली आणि बदल्यात मिरी दिली. कितीला किती यावर दोघींची कन्नडात बरीच घासाघीस झाली. परत आल्यापासून त्यांचे फोन चालूच असतात. आता असं ठरलंय की मार्चमध्ये पहिली सर पडली की त्या आत्याला कळवणार, आणि आत्या आम्हाला. हातात आठ-दहा दिवस असतील, साठ दिवस आधीचं आरक्षण कामाचं नाही. तत्काळ मिळालं तर रेल्वे, नाहीतर नवऱ्याची गाडी. माझे तपासायचे पेपर मी बरोबर घेऊन जाईन म्हणते.